नळीत दहापट, पेशीत दुप्पट: कॅल्शियमचा सेन्सर घडवताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: "जीकॅम्पच्या धर्तीवर मी कॅल्शियम दाखवणारा नवा प्रथिन-सेन्सर बनवते आहे. शुद्ध केलेल्या प्रथिनात कॅल्शियम घातलं की ते नळीत दहापट उजळतं. पण तेच प्रथिन हीला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत) घालून हिस्टॅमिन दिलं, तर चमक जेमतेम दुप्पट होते. माझं कुठे चुकतंय? आणि पुढचे बदल कोणत्या क्रमाने करू?"

तुमचं काहीच चुकलेलं नाही, अशी शक्यता मला बरीच वाटते. दहापट आणि दुप्पट हे दोन्ही आकडे एकाच प्रथिनाचे असू शकतात. आधी गणित मांडून दाखवते, मग प्रथिनाकडे वळू.

नळीत तुमची सुरुवात ईजीटीए, म्हणजे कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन, घातलेल्या द्रावणापासून होते, म्हणजे मुक्त कॅल्शियम जवळपास शून्य. शेवट होतो भरपूर कॅल्शियमवर. पेशीत शून्याचं टोक मिळतच नाही. पेशीबाहेर कॅल्शियम १ ते २ मिलिमोलर असतं आणि आत, पेशी शांत असताना, १०० नॅनोमोलरच्या आसपास. दहा हजारपटींचा हा फरक पेशी पंप चालवून, ऊर्जा खर्चून सतत राखत असते. तरीही १०० नॅनोमोलर म्हणजे शून्य नव्हे. तुमच्या सेन्सरचा केडी, म्हणजे ज्या पातळीला निम्मे रेणू कॅल्शियमने भरलेले असतात ती, १५० नॅनोमोलर धरू आणि हिल गुणांक, म्हणजे कॅल्शियम वाढलं की रेणू किती झपाट्याने भरतात त्याचा आकडा, २.९ धरू. मग पेशी शांत असतानाच सुमारे २४ टक्के रेणू भरलेले असतात. रिकाम्या सेन्सरची चमक १ आणि भरलेल्याची १० मानली, तर शांत पेशीची चमक १ नसून ३.१ येते. हिस्टॅमिनने झाडून सगळे रेणू भरले तरी ३.१ वरून १० वर, म्हणजे सव्वातीनपटीच्या आतच. आता यात पार्श्वभूमी मिळवा: पेशीतले फ्लेविन, माध्यमातलं रायबोफ्लेविन आणि फिनॉल रेड, काचेवरून परतलेला प्रकाश. ही सगळी मिळून ३ धरली, तर ६.१ वरून १३. म्हणजे दुप्पट.

हाच हिशेब केडी ३७५ नॅनोमोलर आणि हिल गुणांक २.३ धरून करा. शांत पेशीत जेमतेम ५ टक्के रेणू भरलेले, चमक १.४, आणि पूर्ण भरल्यावर सातपट उडी. मग कमी पकडीचा सेन्सरच चांगला का? कॅल्शियम १०० वरून फक्त २०० नॅनोमोलरवर गेलं तर काय होतं, ते बघा. पहिला सेन्सर ३.१ वरून ७.३ वर जातो, दुसरा १.४ वरून २.७ वर. पार्श्वभूमीचे ३ मिळवले की पहिल्याची वाढ जवळपास ७० टक्के उरते, दुसऱ्याची ३० टक्के. लहान संकेताला घट्ट पकड लागते आणि मोठ्या संकेताला सैल. मी घेतलेले आकडे जीकॅम्प६च्या घराण्यातले आहेत: ६एसचा केडी १४४ नॅनोमोलर, ६एफचा ३७५. २०१३ साली अमेरिकेतल्या जेनेलिया संशोधन केंद्राच्या गटाने एकाच वेळी तीन भावंडं, एस, एम आणि एफ, प्रसिद्ध केली ती याच कारणाने. सगळ्या प्रयोगांना पुरेल असा एक सेन्सर त्यांच्याकडेही नव्हता आणि आजही कुणाकडे नाही.

म्हणून सेन्सरच्या आधी संकेताची ओळख करून घ्या. हीला पेशीत हिस्टॅमिनमुळे आयपी३ हा निरोप्या रेणू तयार होतो, एन्डोप्लाझमिक रेटिक्युलम या पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठाराचे दरवाजे उघडतात आणि पेशीद्रवातलं कॅल्शियम मोठी उसळी घेतं, अनेकदा लाटांसारखं वरखाली होत राहतं. असा मोठा संकेत १५० नॅनोमोलर केडीच्या सेन्सरला सहज भरून टाकतो. शिखर सपाट दिसत असेल, लाटांचे माथे कापल्यासारखे दिसत असतील, तर तुमचा सेन्सर छताला टेकला आहे. तुमच्याकडे फ्युरा-२ हा कॅल्शियम मोजणारा रंग असेल तर सेन्सर न घातलेल्या पेशींत तो भरून, ३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या गुणोत्तरातून खरं कॅल्शियम किती चढतं ते एकदा मोजून ठेवा. रॉजर त्सिएन यांच्या प्रयोगशाळेतून १९८५ साली आलेला हा रंग आजही पेशीद्रवासाठी उत्तम मोजपट्टी आहे. सेन्सर असलेल्या पेशीत मात्र तो घालू नका. दोघांचाही उत्सर्जित प्रकाश ५१० नॅनोमीटरच्या आसपास पडतो आणि कोणाचं काय ते वेगळं करता येत नाही.

आता तुमच्या केडीबद्दल. तो किती आला हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण जो काही आला असेल त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. या कामात सर्वांत जास्त दिवस मी इथे घालवले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नॅनोमोलर कॅल्शियमचं द्रावण वजन करून बनत नाही. साध्या पाण्यात, काचेत, बाकीच्या क्षारांत मिळून त्याहून जास्त कॅल्शियम आधीच असतं. म्हणून आपण ईजीटीएचा बफर वापरतो आणि कॅल्शियम-ईजीटीए व मोकळं ईजीटीए यांच्या प्रमाणावरून मुक्त कॅल्शियम ठरवतो. पीएच ७.२ आणि २० अंशांना ईजीटीएचा स्वतःचा केडी १५० नॅनोमोलरच्या आसपास असतो. अडचण अशी की ईजीटीए कॅल्शियम धरताना दोन प्रोटॉन सोडतं. त्यामुळे पीएच फक्त ०.१ ने सरकला की त्याची पकड सुमारे १.६ पटीने बदलते. आमच्याकडे एकदा एकाच प्रथिनाचा केडी दोन जणींना १४० आणि २३० आला. तीन आठवडे आम्ही प्रथिनात दोष शोधत होतो. निघालं असं की एकीने बफरचा पीएच सकाळी एसी चालू असताना लावला होता आणि दुसरीने मे महिन्याच्या दुपारी एसी बंद असताना. बफरमधल्या हेपेसचा पीएच तापमानाच्या प्रत्येक अंशाला ०.०१४ च्या आसपास घसरतो. सात अंशांचा फरक पडला की ०.१ झालाच. तेव्हापासून ज्या तापमानाला मोजायचं त्याच तापमानाला पीएच लावायचा आणि वहीत दोन्ही आकडे शेजारी लिहायचे, असा आमचा नेम आहे.

दुसरी गोष्ट कॅल्शियम क्लोराइडची. तो हवेतली ओल शोषतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात महिनाभर उघडझाप झालेल्या बाटलीतून वजन केलंत, तर त्यात पाणी किती आणि क्षार किती ते सांगता येत नाही. तयार प्रमाणित द्रावण घ्या किंवा कोरडं कॅल्शियम कार्बोनेट वापरा. आणि बोअरच्या पाण्याने धुतलेल्या काचेच्या बाटल्या या कामातून पूर्ण बाद करा. बादलीच्या तळाशी जे पांढरे क्षार बसतात, तेच त्या बाटलीच्या आतल्या बाजूला असतात. शून्य-कॅल्शियमची द्रावणं नेहमी प्लास्टिकच्या नव्या बाटल्यांत ठेवा.

पाण्यातल्या या कॅल्शियमशी आपल्या विषयाचं नातं फार जुनं आहे. १८८३ साली लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी दाखवलं की नळाच्या पाण्यात बनवलेल्या खारट द्रावणात बेडकाचं हृदय धडधडत राहतं आणि ऊर्ध्वपातित पाण्यातल्या द्रावणात थांबतं. फरक होता तो नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. पुढे १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या फ्रायडे हार्बर इथे ओसामु शिमोमुरा जेलीफिशमधला चमकणारा पदार्थ वेगळा करायचा प्रयत्न करत होते. एक अर्क त्यांनी सिंकमध्ये ओतला आणि सिंक निळ्या प्रकाशाने उजळलं. मत्स्यटाकीतलं समुद्राचं पाणी त्याच सिंकमध्ये येत होतं आणि त्यातल्या कॅल्शियमने अर्कातलं इक्वोरिन पेटवलं होतं. १९६२ मध्ये इक्वोरिन प्रसिद्ध झालं आणि त्याच शुद्धीकरणात सोबत मिळालं ते हिरवं प्रथिन, आपलं जीएफपी. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. त्या जेलीफिशमध्ये कॅल्शियम ओळखणारं प्रथिन आणि हिरवं चमकणारं प्रथिन शेजारी शेजारीच होती. ती दोन कामं एका रेणूत आणायला माणसाला आणखी पस्तीस वर्षं लागली.

आता प्रथिनाच्या आत शिरू, कारण तुमचे पुढचे बदल इथेच करायचे आहेत. १९९७ मध्ये अत्सुशी मियावाकी आणि त्सिएन यांनी कॅमेलिऑन बनवला: दोन रंगांच्या प्रथिनांमध्ये कॅल्मोड्युलिन हे कॅल्शियम धरणारं प्रथिन आणि त्याला चिकटणारा एम१३ नावाचा छोटा पेप्टाइड. कॅल्शियम आलं की कॅल्मोड्युलिन एम१३ ला मिठी मारतं, दोन्ही रंग जवळ येतात आणि एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते. कल्पना सुंदर होती, पण उजेडातला बदल लहान. पुढचा धागा एका अपघातातून हाती लागला. त्सिएन यांच्याच प्रयोगशाळेत एका बदललेल्या प्रथिनात १४५ व्या अमिनो आम्लाच्या जागी नको असलेला तुकडा घुसला होता आणि तरीही प्रथिन चमकत होतं. म्हणजे पिंपाच्या आकाराच्या जीएफपीला त्या जागी भोक पाडता येतं. १९९९ मध्ये तिथे कॅल्मोड्युलिन घालून कॅम्गारू बनला आणि त्याच सुमारास जीएफपीची जुनी टोकं जोडून नवी टोकं या जागेजवळ उघडायची युक्ती रूढ झाली. २००१ मध्ये जुनिची नकाई आणि सहकाऱ्यांनी अशा फिरवलेल्या जीएफपीच्या एका टोकाला एम१३ आणि दुसऱ्या टोकाला कॅल्मोड्युलिन लावलं. तो जीकॅम्प. त्याच वर्षी जपानमधूनच पेरिकॅमही आला.

कॅल्शियम नसताना या रचनेत पिंपाची ती कडा उघडी असते. पाणी आत शिरतं, रंगद्रव्याचा गाभा प्रोटॉन धरून बसतो आणि ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्याला फारसा घेता येत नाही. कॅल्शियम आलं की कॅल्मोड्युलिन एम१३ भोवती गुंडाळलं जातं आणि नेमकं त्या भोकावर बूच बसल्यासारखं बसतं. प्रोटॉन सुटतो, गाभा निळा प्रकाश शोषू लागतो, हिरवा उजेड येतो. जीकॅम्प२ च्या स्फटिकरचना २००८-०९ मध्ये आल्या तेव्हा हे चित्र डोळ्यांनी पाहता आलं. ते मनात पक्कं ठेवा, कारण पुढच्या दोन गोष्टी त्यातून आपोआप निघतात.

पहिली: सगळी किल्ली त्या भोकाच्या काठावर, म्हणजे दोन लिंकरांत आहे. एम१३ आणि जीएफपी यांच्यामधली दोन अमिनो आम्लं, आणि जीएफपी व कॅल्मोड्युलिन यांच्यामधली दोन. मूळ जीकॅम्पमधल्या दुसऱ्या लिंकरची थ्रिओनिन-आर्जिनिन ही जोडी एसीजीसीजीटी या अक्षरांतून येते. ही अक्षरं म्हणजे एमएलयू-वन या रिस्ट्रिक्शन एन्झाइमची कापायची जागा. तुकडे जोडायला सोयीची असलेली ती सहा अक्षरं नकळत सेन्सरच्या सर्वांत नाजूक ठिकाणी बसली होती. २०१२ च्या जीकॅम्प५जी मध्ये तिथे ल्युसिन-प्रोलिन आले आणि प्रतिसाद बराच वाढला. तुमच्या रचनेत लिंकर कुठून आले आहेत, ते आजच तपासा. क्लोनिंगचा उरलेला शेपटा असेल तर सुधारणेची पहिली जागा तीच.

दुसरी: ज्या यंत्रणेत प्रोटॉन सुटणं हाच उजेड आहे, ती पीएचच्या बदलालाही उजळणार किंवा मंदावणार. याकडे नंतर येते.

लिंकर बदलायचे तर जिवाणूंच्या किती वसाहती तपासाव्या लागतील? एका लिंकरच्या दोन जागांवर कोणतंही अमिनो आम्ल येऊ द्यायचं म्हटलं तर ४०० जोड्या होतात. पण एनएनके कोडॉन, म्हणजे प्रत्येक जागेसाठी ३२ शक्यता देणारी डीएनएची तीन अक्षरं, वापरलेत तर डीएनएच्या पातळीवर ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ प्रकार. ९५ टक्के प्रकार एकदा तरी हाताखालून जावेत असं वाटत असेल तर साधारण तिप्पट, म्हणजे ३००० वसाहती. एका माणसाला दोन-तीन आठवड्यांत हे झेपतं. दोन्ही लिंकर एकदम मोकळे सोडलेत तर १० लाखांहून जास्त प्रकार आणि ३० लाख वसाहती. तुमच्याकडे पेशी वर्गीकरणाचं यंत्र आणि त्यावर हवा तितका वेळ नसेल, तर हा मार्ग नको. एक लिंकर उघडा, उत्तम तीन-चार निवडा, त्यांच्यावर दुसरा उघडा. दोन लिंकर एकमेकांवर अवलंबून असल्याने यात काही चांगल्या जोड्या निसटतात, हे मान्य करूनच पुढे जायचं.

चाळणी कशी लावता यावर सगळं ठरतं, आणि इथे मी स्वतः मोठी चूक केली आहे. सुरुवातीच्या काळात मी पेट्री डिशवरच्या सर्वांत हिरव्यागार वसाहती उचलत गेले. जवळपास तीन महिने. प्रत्येक फेरीत चमक वाढत होती आणि मला आनंद होत होता. मग सगळ्यांना ईजीटीए दिलं, तर चमक तशीच. मी भोक बुजवलेली प्रथिनं निवडली होती. त्यांना कॅल्शियमची गरजच उरली नव्हती. म्हणून पहिल्या फेरीपासून प्रत्येक वसाहतीचे दोन फोटो हवेत, एक कॅल्शियम असताना आणि एक काढून घेतल्यावर. रॉबर्ट कॅम्पबेल यांच्या गटाने २०११ मध्ये जीको सेन्सरांसाठी हेच केलं. त्यांनी प्रथिन ई. कोलायच्या दोन आवरणांमधल्या पोकळीत पाठवलं, कारण तिथलं कॅल्शियम बाहेरून बदलता येतं, आणि डिशवर ईजीटीए फवारून आधीचा व नंतरचा फोटो ताडून पाहिला. हिरव्याबरोबर निळा आणि तांबडा सेन्सरही त्याच मोहिमेतून निघाला. निवडलेल्या वसाहतींचं प्रथिन मग ९६ खळ्यांच्या प्लेटमध्ये काढून, एका खळ्यात कॅल्शियम आणि शेजारच्यात ईजीटीए, असं पुन्हा मोजायचं.

पण ई. कोलायमध्ये पहिला आलेला सेन्सर तुमच्या पेशीतही पहिला येईल, याची खात्री नाही. जिवाणूत ३७ अंशांना घडी नीट पडली तरी सस्तन पेशीत रेणू अर्धवट पिकलेले राहू शकतात, शेजारची प्रथिनं कॅल्मोड्युलिनला ओढू शकतात, मॅग्नेशियम पकड बदलतं. शिवाय स्थिर कॅल्शियमवर दहापट उजळणारा सेन्सर क्षणभराच्या लाटेला उठेपर्यंत लाट ओसरलेली असते. जेनेलियाने म्हणूनच जीकॅम्प६ साठी चारशेहून अधिक प्रकार थेट उंदराच्या जोपासलेल्या चेतापेशींत, विजेचे झटके देऊन तपासले. त्यांना एका झटक्याचा प्रतिसाद हवा होता, म्हणून त्यांनी तोच मोजला. २०२३ च्या जेजीकॅम्प८ मध्ये तर त्यांनी पेप्टाइडच बदलला. स्नायूंच्या एन्झाइममधून आलेल्या जुन्या पेप्टाइडऐवजी रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमचा तुकडा बसवला आणि चमक चढण्याचा अर्धवेळ २ मिलिसेकंदांवर आला. केवळ दोन टोकं मोजून हा फरक त्यांच्या नजरेस कधीच पडला नसता. तुम्हाला चारशे प्रकार पेशींत तपासायची गरज नाही. जिवाणूतले उत्तम वीस घ्या आणि हीला पेशीत हिस्टॅमिनवर तपासा. विसातल्या क्रमांकांची उलथापालथ होईल. ती झाली की घाबरू नका आणि पेशीचं ऐका.

ही तुलना करताना फक्त बदलाचा आकडा, म्हणजे किती पट, एवढाच पाहू नका. रिकामा सेन्सर अगदी काळाकुट्ट केला की भागाकार मोठा येतो आणि आलेख देखणा दिसतो. पण सूक्ष्मदर्शकाखाली शांत पेशीच दिसत नाही, फोकस लावता येत नाही आणि मोजके फोटॉन आल्याने गोंगाट वाढतो. जेजीकॅम्प७ मध्ये याच कारणाने एक प्रकार मुद्दाम उजळ पायाचा ठेवला आहे आणि दुसरा मंद पायाचा. बारीक तंतू पाहणाऱ्याला पहिला हवा असतो, दाट गर्दीतून उसळी शोधणाऱ्याला दुसरा. तुमच्या तक्त्यात गुणोत्तराशेजारी शांत पेशीची चमक आणि त्यातला गोंगाट हे दोन स्तंभ वाढवा.

पेशीत प्रतिसाद कमी दिसण्याचं आणखी एक कारण तुमच्याकडे असू शकतं: सेन्सर फार जास्त आहे. प्रत्येक रेणू चार कॅल्शियम धरतो. पेशीत मुळातच एका मुक्त आयनामागे पन्नास ते शंभर आयन कुठे ना कुठे बांधलेले असतात. त्यात दहा-वीस मायक्रोमोलर सेन्सर ओतलात तर तुम्ही मोजायला आलेलं कॅल्शियम तुमचा सेन्सरच पिऊन टाकतो; शिखर बुटकं होतं आणि उतार लांबतो. ताकदवान सीएमव्ही प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) आणि ४८ तासांचं ट्रान्सफेक्शन हा नेहमीचा प्रकार याला नेमका पोषक आहे. साधी परीक्षा: एकाच डिशमधल्या मंद आणि झगझगीत पेशींचे आलेख वेगळे काढा. मंद पेशींत प्रतिसाद तीनपट आणि झगझगीत पेशींत दीडपट असेल, तर उत्तर मिळालं. केंद्रकातही सेन्सर भरलेल्या पेशी गणतीतून वगळा; जीकॅम्प३ च्या काळापासून हे माहीत आहे की अशा चेतापेशींचे प्रतिसाद मंद असतात. जास्तीच्या कॅल्मोड्युलिनचे परिणाम फक्त मोजमापापुरते राहत नाहीत. २०१७ मध्ये जीकॅम्प६ बाळगणाऱ्या काही जनुकबदल केलेल्या उंदरांच्या मेंदूत अपस्मारासारखी विद्युत हालचाल आढळली. सेन्सरमधलं मोकळं कॅल्मोड्युलिन कॅल्शियम वाहिन्यांच्या कामात ढवळाढवळ करतं, हे दाखवून २०१८ मध्ये जीकॅम्प-एक्स बनवला गेला. सेन्सर पेशीत पाहुणा असतो आणि पाहुणा घर बदलतो, ही जाणीव प्रत्येक प्रयोगात ठेवावी लागते. कॅल्मोड्युलिन टाळायचंच असेल तर स्नायूतल्या ट्रोपोनिन-सी वर बेतलेले सेन्सर आहेत. ऑलिव्हर ग्रीझबेक यांच्या गटाने तो मार्ग वर्षानुवर्षं जोपासला आणि २०१४ च्या ट्विच घराण्यात टोडफिश या माशाच्या ट्रोपोनिनपर्यंत नेला.

आता पीएच. हिस्टॅमिनने, ग्लुटामेटने किंवा पेशीत कॅल्शियम शिरू देणाऱ्या आयनोमायसिनने पेशीचा पीएचही हलतो. तुमच्या सेन्सरने दाखवलेली दुप्पट वाढ कॅल्शियमचीच आहे, हे सिद्ध करायला एक बहिरा सेन्सर बनवा: कॅल्शियम धरणाऱ्या ईएफ-हँड वळणांच्या पहिल्या जागेवरचं ॲस्पार्टेट बदलून ॲलनिन करा, बाकी सगळं तसंच. हा बहिरा भाऊही हिस्टॅमिनला हलला तर ती हालचाल पीएचची, पेशी आकसण्याची किंवा फोकस सरकण्याची आहे. हा प्रयोग एका आठवड्याचा आहे. मी परीक्षक म्हणून वाचलेल्या कितीतरी प्रबंधांत तो नसतो आणि त्यामुळे चांगलं काम अडकतं. पुढे तांबड्या रंगाकडे वळलात तर आणखी एक तपासणी वाढवा. आर-जीकोसारखे एमॲपल या तांबड्या प्रथिनावर बेतलेले सेन्सर निळा प्रकाश पडला की कॅल्शियम नसतानाही थोडा वेळ उजळतात. चॅनेलरोडॉप्सिनबरोबर, म्हणजे निळ्या प्रकाशाने चेतापेशी चेतवणाऱ्या प्रथिनाबरोबर, वापरताना यामुळे खोटे संकेत मिळतात. एमरुबी या दुसऱ्या तांबड्या प्रथिनावर बेतलेल्या आरकॅम्पमध्ये हा दोष नाही, पण त्याचा प्रतिसाद लहान आहे.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मार्गदर्शकांशी बोलण्याआधी स्वतःला विचारा: पेशीद्रवासाठी आणखी एक हिरवा सेन्सर हवा आहे का? तिथे वीस वर्षांहून अधिक काळ मोठे गट काम करत आहेत आणि त्यांची प्लाझ्मिडं (सेन्सरचं जनुक वाहणारे डीएनए) ॲडजीन या वाटप करणाऱ्या संस्थेकडून सहज मिळतात. जागा आहे ती इतरत्र. एन्डोप्लाझमिक रेटिक्युलममध्ये कॅल्शियम शेकडो मायक्रोमोलर असतं, तिथे घट्ट पकडीचा सेन्सर कायम भरलेलाच राहतो. २०१४ च्या सेपिया सेन्सरांनी कॅल्मोड्युलिनची पकड मुद्दाम सैल करून वाट उघडली, पण जलद आणि पीएचला न हलणाऱ्या प्रकारांची गरज अजून आहे. दुसरी जागा खऱ्या मोजमापाची. चमकेच्या तीव्रतेऐवजी तिचा आयुःकाळ, म्हणजे उत्तेजित गाभा किती नॅनोसेकंदांनी उजेड सोडतो ते मोजलं, तर पेशीत सेन्सरचं प्रमाण किती आहे याचा त्रास होत नाही. ॲम्स्टरडॅमच्या गटाचा २०२१ चा टर्क्वाइझ रंगाचा सेन्सर या दिशेचा उत्तम नमुना आहे. तुमच्या सध्याच्या प्रथिनाचा आयुःकाळ कॅल्शियमने बदलतो का, हे एकदा मोजून घ्या. तसं यंत्र जवळच्या एखाद्या संस्थेत असेल तर एका दिवसाचं काम आहे.

क्रम विचारलात म्हणून सांगते. या आठवड्यात नवं क्लोनिंग थांबवा. सेन्सर न घातलेल्या पेशींचा, त्याच लेझरला आणि त्याच एक्स्पोजरला, एक फोटो घ्या आणि ती पार्श्वभूमी वजा करून जुने सगळे आलेख पुन्हा काढा. मग मंद पेशी निवडून हिस्टॅमिन द्या, आणि त्याच पेशींना शेवटी ५ मायक्रोमोलर आयनोमायसिन भरपूर कॅल्शियमसह, त्यानंतर जास्तीचं ईजीटीए. वरचं आणि खालचं टोक पेशीतच मिळेल आणि हिस्टॅमिनचं शिखर त्या दोन टोकांमध्ये कुठे बसतं ते दिसेल. आयनोमायसिननंतर पेशी गोळा होऊन उचलल्या जातात, म्हणून हे पाच-सात मिनिटांत उरका. शिखर वरच्या टोकाला चिकटलेलं असेल तर पकड सैल करायची आहे आणि लिंकरला हातही लावायचा नाही. शिखर मधोमध असेल पण दोन टोकांमधलं अंतरच तोकडं असेल, तर दुसऱ्या लिंकरपासून सुरुवात करा. दोन टोकांमधलं अंतर नळीइतकंच मोठं निघालं आणि शिखर खाली राहिलं, तर तुमच्या हीला पेशी त्या दिवशी हिस्टॅमिनला नीट प्रतिसाद देत नव्हत्या. नव्या पॅसेजच्या पेशी घ्या आणि फ्युरा-२ ने आधी त्यांचीच खात्री करा.